रिकाम्या पाठीचा घोडा

मदर तेरेसांच्या चित्राला चेहरा नसावा, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना रुचत नाही. मकबूल फिदा हुसेन यांनी रंगविलेल्या मदरच्या एखाद्या चित्राची छापील प्रत धर्मग्रामातील कुटुंबासमोर ठेवली की पहिला प्रश्न हमखास येतो: निळ्या काठाची पांढरी साडी आहे, हात आहेत, मांडीवर निजलेले मूल आहे, मग मदर कुठे आहेत? पदराखाली जिथे तो सुरकुतलेला, आपणा सर्वांच्या ओळखीचा चेहरा दिसायला हवा, तिथे चित्रकाराने नुसता काळोख ठेवला आहे. कुणी याला अपुरे चित्र म्हणतात, कुणी आधुनिक कलेचे खूळ म्हणतात, आणि एखादे वडीलधारे गृहस्थ चष्मा काढून हळूच विचारतात की परधर्मीय चित्रकाराने आपल्या संतांचा चेहरा पुसण्याचे कारण काय.

हा प्रश्न आम्ही अडाणीपणाचा मानत नाही. ज्याने घरच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र लहानपणापासून पाहिले, रोज संध्याकाळी त्या चेहऱ्यासमोर गुडघे टेकून रोझरीची प्रार्थना केली, त्याला चेहऱ्याची अपेक्षा असणारच. शब्द देही झाला या सत्यावर आपली श्रद्धा उभी आहे, आणि देह म्हटला की चेहरा आलाच. तेव्हा या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर ते चित्रांकडे नीट पाहूनच द्यावे लागेल. ते शोधताना आम्हांला मदरच्या चित्रांपाशी थांबून भागले नाही; हुसेन यांच्या घोड्यांकडे वळावे लागले. आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्या हाताने मदरचा चेहरा रिकामा ठेवला, त्याच हाताने त्यापूर्वी कितीतरी वर्षे घोड्याची पाठ रिकामी ठेवली होती, आणि एक रिकामेपण समजले की दुसरे समजायला मदत होते.

घोड्यांविषयी वाशीम जिल्ह्यातून लिहिणे तसे धाडसाचेच आहे. अमरावती धर्मप्रांताच्या या भागात जनावर म्हणजे बैल. पोळ्याला शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून, पुरणपोळीचा घास देऊन ज्याची पूजा होते तो बैल. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला माथा टेकणाऱ्या बंजारा समाजाचे पूर्वज ज्याच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखामुलखांतून फिरत, तोही बैलच. घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, नवरदेवाखाली, बँडच्या आवाजाने बावरलेला. पागा, मोतद्दार, खरारा, तोबरा हे शब्द आता शेतकऱ्याच्या तोंडी फारसे राहिले नाहीत. ते बखरींत आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत राहिले. भाषेत मात्र घोडा अजून जागोजाग उभा आहे: कुणाचे घोडे गंगेत न्हाते, कुणाचे घोडामैदान जवळ येते, आणि आमच्यासारख्या समीक्षकांचे घोडे बहुधा वरातीमागून येते.

तरीही चित्रातल्या घोड्याशी या भूमीचे एक जुने नाते आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमला सापडला. या शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच्या काळात, अजिंठ्याच्या अनेक लेण्यांचे काम झाले; सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात त्याचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. शेजारच्या सतराव्या लेण्याच्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगविलेली आहे. राक्षसिणींच्या बेटावर अडकलेल्या सिंहलाला आणि त्याच्या सोबत्यांना सोडवायला एक पांढरा घोडा येतो. त्याच्या पाठीवर जो विश्वासाने बसून राहतो तो तरतो. मोहाने मागे वळून पाहणारे पडतात. लोटाच्या पत्नीची हकीकत ठाऊक असणाऱ्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये. त्या कथेत घोडा हे नुसते वाहन राहत नाही, तारण करणारा तोच आहे. अजिंठ्यापासून हुसेन यांच्यापर्यंत आम्ही सरळ रेघ ओढत नाही. एवढेच म्हणतो की घोड्याच्या पाठीवर कोण बसले आहे आणि त्याचा त्या घोड्याशी संबंध कोणता, हा प्रश्न आपल्या मुलखातल्या चित्रांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

जगातील पुष्कळ चित्रकारांनी घोडे रंगविले, पण त्यांचे घोडे बहुधा कामावर असतात. अमेरिकेतील चार्ल्स रसेल यांचे उदाहरण घ्यावे. १८८० मध्ये, सोळाव्या वर्षी, ते माँटानात गेले, तिथल्या विस्तीर्ण गायरानांवर गुरांचे कळप राखणारे घोडेस्वार गुराखी म्हणून अनेक वर्षे राबले, आणि तेच जीवन पुढे त्यांनी तैलरंगांत उतरविले. त्यांच्या घोड्याला खोगीर आहे, लगाम आहे, उधळलेल्या गुरांमागे धावून सुटलेला घाम आहे. फ्रान्सच्या रोझा बोनूर यांनी पॅरिसच्या घोडेबाजारात जाऊन रेखाटने केली आणि १८५२ ते १८५५ या काळात ‘घोडेबाजार’ हे प्रचंड तैलचित्र पूर्ण केले. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या चित्रात घोड्यांइतकीच महत्त्वाची आहेत ती त्यांना आवरणारी माणसे. आपल्या मराठी मुलखात तर घोडा आठवला की आधी स्वार आठवतो. गावोगावी शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा डोळ्यांपुढे असताना घोड्याकडे स्वतंत्रपणे पाहावे असे सहसा कुणाला सुचत नाही.

हुसेन यांनी तेच केले. त्यांच्या बहुतेक घोड्यांवरून स्वार उतरला आहे, खोगीर काढलेले आहे, लगाम सुटला आहे. घोडा कुणाचा, कुठून आला, कुठे निघाला, हे चित्र सांगत नाही. हे त्यांना कुठे सापडले असावे, याचा शोध घ्यायचा तर त्यांच्या बालपणाकडे जावे लागते.

हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपूरला, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते अगदी लहान असतानाच त्यांची आई वारली. तिचे छायाचित्र मागे उरले नव्हते, आणि तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही ही व्यथा त्यांनी उतारवयापर्यंत बोलून दाखविली. पुढे वडिलांबरोबर ते इंदूरला गेले. तिथे नालबंदाकडे आणलेले घोडे त्यांनी जवळून पाहिले. जनावराचा पाय उचलून मांडीवर घेणारा माणूस आणि विश्वासाने तीन पायांवर उभे राहणारे जनावर हे दृश्य मुलाच्या मनात ठसण्यासारखेच असते. त्याच इंदुरात त्यांनी मोहरमच्या मिरवणुकीत दुलदुल पाहिला. करबलाच्या रणांगणावर इमाम हुसेन हुतात्मा झाले आणि त्यांचा घोडा स्वाराविना तंबूकडे परतला, अशी परंपरा आहे. मिरवणुकीतला दुलदुल त्या घोड्याची आठवण असतो. लोक त्याच्याकडे पाहून रडतात, कारण त्याच्या पाठीवर जो असायला हवा तो नाही. चित्रकाराच्या स्वतःच्या नावातही ती आठवण होती: फिदा हुसेन, म्हणजे हुसेन यांच्यावरून जीव ओवाळून टाकणारा.

पंढरपूरचे नाव निघाले म्हणून आणखी एका घोड्याची आठवण होते. संत ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यात दोन अश्व असतात. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरदारांकडून ते येतात. एकावर पताका घेतलेला स्वार बसतो. दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, कारण त्यावर माउली आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. रिंगणात तो मोकळा अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. हुसेन यांचे पंढरपूर तान्हेपणीच सुटले. तेव्हा रिंगण पाहून त्यांनी घोडे रंगविले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु आम्हां मराठी वाचकांना त्यांच्या घोड्यापर्यंत पोचण्याची वाट यातून मिळते. करबलाचा घोडा सांगतो की स्वार गेला. रिंगणाचा घोडा सांगतो की स्वार आहे, दिसत मात्र नाही. हुसेन यांचा घोडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा आहे, आणि त्याच्या चांगल्या चित्रांचे सारे बळ या अनिश्चिततेत आहे.

आता त्यांच्या हाताविषयी. १९३० च्या दशकात मुंबईला आल्यावर त्यांनी पोटासाठी सिनेमाचे फलक रंगविले. परातीएवढे डोळे आणि हातभर ओठ रंगविणाऱ्याला मनगटाची नाजूक रेघ पुरत नाही. त्याची रेघ खांद्यातून निघते. ही खांद्याची रेघ हुसेन यांना जन्मभर पुरली. पुढे त्यांनी मुलांसाठी खेळणी आणि फर्निचर तयार करण्याचे कामही केले. १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी त्यांना प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आणले. सोझा हे गोव्याच्या साळगावचे, कॅथलिक घरात वाढलेले. त्यांनी १९५९ मध्ये रंगविलेले ख्रिस्ताच्या क्रुसारोहणाचे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे, आणि ते पाहून भाविक मनुष्य दचकल्याशिवाय राहत नाही. १९४८ मध्ये या दोघांनी दिल्लीला प्राचीन भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन पाहिले. मथुरेच्या शिल्पांतला भरीव देह आणि बसोहलीच्या लघुचित्रांतले धीट रंग हुसेन यांनी तिथून उचलले. १९५२ मध्ये ते चीनला गेले आणि तांग राजवटीतले भाजलेल्या मातीचे घोडे त्यांनी पाहिले. युरोपच्या प्रवासात इटलीचे शिल्पकार मारीनो मरीनी यांचे घोडे त्यांच्या परिचयाचे झाले. मरीनी यांच्या शिल्पांत, विशेषतः महायुद्धानंतरच्या, स्वाराचा तोल गेलेला असतो, तो घोड्यावरून पडण्याच्या बेतात असतो. हुसेन यांच्या चित्रात तो आधीच दिसेनासा झालेला आहे.

याच काळात त्यांनी खेड्यातल्या जीवनावरची दोन मोठी चित्रे केली, आणि घोड्यांशी त्यांची तुलना उद्बोधक आहे. १९५४ च्या ‘ग्रामयात्रा’ या सुमारे चौदा फूट लांबीच्या चित्रात तेरा दृश्ये आहेत. एक शेतकरी आपल्या चौकटीत उभा आहे, पण त्याचा हात चौकट ओलांडून शेजारच्या दृश्यातल्या जमिनीला आधार देतो. हे चित्र दिल्लीत काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी घेतले, ते नॉर्वेला गेले, ऑस्लोच्या एका रुग्णालयात अनेक दशके राहिले, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. दुसरे चित्र १९५५ चे ‘जमीन’. त्याला त्या वर्षी राष्ट्रीय प्रदर्शनात पुरस्कार मिळाला आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. या चित्रांतल्या जनावरांना आणि माणसांना काम आहे. बैल आहे तिथे शेत आहे, शेत आहे तिथे घर आहे. वाशीमच्या शेतकऱ्याला ही चित्रे समजावून सांगावी लागणार नाहीत.

घोड्याला मात्र हुसेन यांनी शेत दिले नाही, घर दिले नाही, मालकही दिला नाही. त्यांच्या पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या चांगल्या घोड्यांकडे पाहावे. मान मागे वळलेली असते, नाकपुड्या फुललेल्या असतात, पुढचा पाय उचललेला असतो आणि तरीही सारे अंग जड असते. सुरीने आणि रुंद कुंचल्याने लावलेला तैलरंग जाड थराने बसलेला असतो. काळी रेघ त्याच्यावरून एकदा जाते, पुन्हा गिरविली जात नाही. त्या जाड रंगामुळे घोड्याला मांस मिळते आणि त्या एकदाच ओढलेल्या रेघेमुळे वेग मिळतो. मांस आणि वेग यांची ही ओढाताण पाहणाऱ्याला जाणवते, आणि मग त्याची नजर आपोआप पाठीकडे जाते. तिथे रेघ खोलगट होते. ती जागा कुणासाठी तरी केलेली आहे असे वाटते, आणि तिथे कुणी नाही.

आपल्या ख्रिस्ती चित्रपरंपरेत घोडे कमी नाहीत. आपला झगा अर्धा कापून भिकाऱ्याला देणारे संत मार्टिन घोड्यावर आहेत, सापाला भाल्याने भेदणारे संत जॉर्ज घोड्यावर आहेत. पण हुसेन यांच्या घोड्याशी सर्वांत जवळचे नाते आहे ते काराव्हाज्जो यांच्या ‘संत पौलाचे परिवर्तन’ या चित्राचे. १६०१ च्या सुमाराचे हे तैलचित्र रोमच्या सांता मारिया देल पोपोलो या चर्चमध्ये आहे. प्रेषितांच्या कृत्यांत दमास्कसच्या वाटेवर प्रकाश झळकतो आणि शौल जमिनीवर पडतो. घोड्याचा तिथे उल्लेखही नाही. चित्रकारांनी तो घोडा मनाने आणला, आणि काराव्हाज्जो यांनी तर बहुतेक चित्र त्यालाच देऊन टाकले. खाली शौल हात पसरून पडला आहे. वर घोड्याची विशाल पाठ आहे, त्याने एक खूर जपून उचलला आहे, आणि म्हातारा मोतद्दार त्याला आवरून धरतो आहे. देव चित्रात कुठेच दिसत नाही. दिसते ती नुकतीच मोकळी झालेली घोड्याची पाठ. मनुष्य आपल्या अभिमानावरून खाली आला, हे त्या चर्चमधल्या भाविकांना त्या पाठीवरून कळते. रिकामी जागा बोलू शकते, हे आपल्या परंपरेला नवे नाही. पास्काच्या पहाटे स्त्रियांना जे प्रथम दिसले तेही एक रिकामे थडगेच होते.

इथवर आम्ही हुसेन यांची थोरवी सांगितली. पण त्यांच्या घोड्यांविषयी आमची तक्रारही आहे, आणि ती याच मुद्द्यावरून निघते. रिकामी जागा राखणे कठीण असते. ती कुणीतरी बळकावतो.

१९७५ मध्ये हुसेन यांनी ‘लाइटनिंग’ नावाचे, बारा भागांचे एक प्रचंड चित्र मुंबईतील एका राजकीय सभेची पार्श्वभूमी म्हणून केले. आणीबाणीच्या वर्षातले हे चित्र. पांढरे घोडे एकापुढे एक दौडत आहेत आणि त्यांच्या अवतीभोवती सरकारी कार्यक्रमांची प्रतीके पेरलेली आहेत. रेघ तीच, दौड तीच. चित्रकाराचे कौशल्य तसूभरही उणे नाही. पण या घोड्यांकडे पाहताना आम्हांला पाठ रिकामी वाटत नाही. तिथे सत्ता बसलेली आहे, दिसत नाही इतकेच. स्तोत्रकर्ता आपल्याला वारंवार बजावतो की विजयासाठी घोड्यावर भिस्त ठेवणे व्यर्थ आहे आणि राजेरजवाड्यांवर भरवसा ठेवू नये. या चित्रात दोन्ही भरवसे एकत्र आले आहेत. ज्या चित्रकाराने हुतात्म्याच्या घोड्याचे दुःख बालपणी पाहिले होते, त्याने तोच घोडा राज्यकर्त्यांच्या रथाला जुंपावा, याचे आम्हांला वाईट वाटते.

दुसरी तक्रार बाजाराविषयी आहे. हुसेन यांचा घोडा लोकांना आवडला, मागणी वाढली, आणि तो दिवाणखान्यांत, हॉटेलांत, दिनदर्शिकांत, छापील प्रतींत सगळीकडे उधळला. पुढच्या काळातल्या कितीतरी घोड्यांत रंगाचा थर पातळ झाला आहे, मांस गेले आहे, वेग तेवढा उरला आहे. नाकपुडी ठरलेली, मान ठरलेली, अयाळ ठरलेली. अशा घोड्याच्या पाठीवर कुणी नाही याचे पाहणाऱ्याला काहीच वाटत नाही, कारण तिथे कुणी बसू शकेल इतका तो घोडा खराच नसतो. रिकामेपणाचा अर्थ भरीवपणावर अवलंबून असतो. प्रार्थना रोज म्हणूनही ती पोकळ होऊ नये यासाठी भाविकाला जसे जपावे लागते, तसेच चित्रकाराला आपल्या आवडत्या आकृतीला जपावे लागते; हुसेन यांनी प्रत्येक वेळी ते जपले नाही.

आता पुन्हा मदरकडे येऊ. १९७९ मध्ये मदर तेरेसांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, आणि त्याच सुमारास हुसेन यांच्या चित्रांत त्यांचा प्रवेश झाला. पुढे अनेक वर्षे ते हा विषय पुन्हा पुन्हा रंगवीत राहिले. तोपर्यंत घोडा हातात सैल पडू लागला होता. मदरच्या चित्रांतल्या उत्तम चित्रांत मात्र तो जुना भरीवपणा परत आला आहे, असे आमचे निरीक्षण आहे. साडीच्या घड्यांना वजन आहे. मांडीवरच्या आजारी देहाचा भार त्या घड्यांवर पडलेला दिसतो. मायकेलअँजेलो यांच्या संगमरवरी ‘पिएता’मध्ये मृत प्रभूचा देह पवित्र मरियेच्या मांडीवर असा विसावला आहे, त्याची आठवण होते. हात खरे आहेत, कामाचे आहेत. एवढे सगळे भरीव केल्यावर चित्रकाराने चेहऱ्याची जागा मोकळी ठेवली आहे, आणि म्हणून ती जागा बोलते.

ती काय बोलते? चित्रकाराच्या बाजूने पाहिले तर तिथे पंढरपुरात गेलेली त्याची आई आहे, जिचा चेहरा त्याला कधीच सापडला नाही. न आठवणारा चेहरा खोटा रंगविण्यापेक्षा त्याने तो रंगविलाच नाही. यात आम्हांला प्रामाणिकपणा दिसतो. आपल्या बाजूने पाहिले तर तिथे आणखी काही आहे. मदर रस्त्यावरच्या मरणासन्न माणसात ख्रिस्ताला पाहत आणि त्याची सेवा करीत. स्वतःकडे लक्ष वेधले जावे असे त्यांना कधी वाटले नाही. ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना संतपद जाहीर झाले, तेव्हापासून त्यांचा चेहरा आपल्या घराघरांत आणखी परिचयाचा झाला. परिचयाचा झाला म्हणजे आपण त्याच्याकडे पाहायचे थांबलो, असेही कधी कधी होते. हुसेन यांच्या चित्रात चेहरा नाही म्हणून नजर खाली सरकते, हातांकडे जाते, आणि हातांवरून त्या निजलेल्या देहाकडे जाते. मदर आयुष्यभर आपली नजर जिकडे वळवू पाहत होत्या, तिकडेच ती अखेर पोचते.

परधर्मीय चित्रकार हा जो आक्षेप आहे, त्याला बगल देणे योग्य होणार नाही. हुसेन यांच्या जुन्या रेखाटनांवरून १९९६ मध्ये मोठा वाद उठला. देवतांच्या नग्न रेखाटनांमुळे अनेक हिंदू बांधवांची मने दुखावली. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईच्या घरावर हल्ला झाला. २००४ मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ या चित्रपटातील एका गीताला काही मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तो चित्रपटगृहांतून काढून घेतला. २००६ पासून ते देशाबाहेर राहिले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील फौजदारी खटले रद्द केले. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि ९ जून २०११ रोजी लंडनला त्यांचे निधन झाले. ज्यांचे मन दुखावले त्यांचे दुःख आम्ही खोटे म्हणणार नाही. पूज्य गोष्टींशी कुणी सलगी केली की कसे वाटते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. तथापि दुखावलेल्या मनाचे उत्तर दगडाने देता येत नाही. आणि मदरच्या चित्रांत तर सलगी नाहीच. तिथे परक्या घराच्या उंबरठ्याबाहेर चपला काढून उभा राहिलेला माणूस आम्हांला दिसतो. चेहऱ्याला त्याने हात लावला नाही, तो या अदबीपोटीही असू शकेल.

हुसेन यांच्या मनातली शेवटची मोठी कलाकृतीही घोड्यांचीच होती. दोहा शहरात २०१९ च्या डिसेंबरमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, ती लोकांसाठी खुली झाली. तिच्यात मुरानोच्या काचेचे घोडे आहेत आणि ते जत्रेतल्या पाळण्याप्रमाणे फिरतात. जत्रेतला लाकडी घोडा मुलांनी बसावे म्हणून असतो. काचेच्या घोड्यावर कुणाला बसता येत नाही. पंढरपूरला जन्मलेल्या, इंदुरात नालबंदापाशी रेंगाळलेल्या आणि परमुलखात निवर्तलेल्या या चित्रकाराचा घोडा शेवटपर्यंत स्वाराविनाच राहिला.

दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी आपण हातात झावळ्या घेऊन मिरवणूक काढतो आणि यरुशलेमेतील प्रवेशाचे शुभवर्तमान ऐकतो. जखऱ्या संदेष्ट्याने आधीच सांगून ठेवले होते की येणारा राजा नम्र असेल, गाढवाच्या शिंगरावर बसून येईल, आणि युद्धाचे घोडे नगरीतून नाहीसे होतील. मार्कच्या शुभवर्तमानात एक बारीकसा तपशील आहे, तो आपल्या कानावरून सहसा निसटतो. ते शिंगरू मागून आणलेले होते, आणि प्रभूने ते लवकरच परत पाठविण्याचा शब्द दिला होता. म्हणजे गर्दी पांगल्यावर कुणीतरी त्याला दोरीला धरून पुन्हा त्या गावच्या दारापाशी नेऊन बांधले असणार. कुणीही कधी न बसलेल्या त्या शिंगरावर प्रभू बसला होता, आणि आता त्याची पाठ पुन्हा मोकळी होती. ते शिंगरू आम्हांला अजून कुठल्या चित्रात भेटलेले नाही. हुसेन यांनी ते रंगविले असते तर कसे रंगविले असते, याचा विचार येत्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत चालताना वाचकांनी करून पाहावा, आणि घरी आल्यावर मदरचे ते चेहरा नसलेले चित्र पुन्हा एकदा मुलांबरोबर बसून पाहावे.